कर्नलसाहेबांची चाकांवरची खोली

कर्नलसाहेबांची मोटार शर्यतीसाठी बांधलेली होती, आणि ती त्यांनी ताशी चाळीसच्या वर कधी नेली नाही. गडद हिरवी, दोनच आसनांची, जमिनीलगत बसणारी ती जुनी विलायती गाडी चंडीगढच्या सरळ रस्त्यांवरून सावकाश सरकत असे. तिच्या मागे अंड्याच्या आकाराचा एक पांढरा ट्रेलर जोडलेला असे. मागून येणारी तरुण मुले पुढे जाताना वळून पाहत, हसत आणि फोनवर फोटो काढत. साहेबांचे तिकडे लक्ष नसे.

चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाल्यावर तो ट्रेलर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. आत दोन माणसांना झोपता येई, उठून बसता येत नसे. पडदे त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, शिवले होते. त्यात दोघांची एकच सहल झाली, मोरनीच्या डोंगरात. दुसरीच्या आधी वहिनी गेल्या. साहेब त्याला ट्रेलर म्हणत नसत, ‘खोली’ म्हणत.

मी त्यांचा शेजारी. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर आलेलो, बायको आणि मुलगी नाशिकला. साहेब मूळचे कोल्हापूरकडचे. बदलीवरचा माणूस कधी उठून जाईल याचा नेम नाही, म्हणून तो पाहुणाच, असे त्यांचे मत होते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी ‘पाव्हणं’ झालो. रविवारी सकाळी ते मला शेजारी बसवून डोंगराकडे नेत. बोलत माझ्याशी, पण नजर आरशात असे. गतिरोधकावरून गाडी अशी उतरवत की चहा भरलेला पेला हिंदकळला नसता. इतके हळू का, असे मी एकदा विचारले.

“मागं झोपलेलं माणूस जागं होता कामा नये, पाव्हणं.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

मुक्कामी पोहोचल्यावर ते खोलीचे दार कधी उघडत नसत. आम्ही बाहेर गवतावर बसत असू. एका हिवाळ्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना, मी खोलीला पाठ टेकून बसलो होतो. माझ्या पाठीमागे स्प्रिंगा हळूच दबल्या आणि पुन्हा वर आल्या. मी चटकन उठलो. साहेब किन्नू, तिकडचे संत्रे, सोलत होते. “कूस बदलली,” ते म्हणाले आणि अर्ध्या फोडी त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.

निघण्यापूर्वीची तपासणी ठरलेली असे. ते स्टिअरिंगपाशी बसत, मी मागे उभा राही. गाडीच्या लोखंडी गोळ्यावर खोलीची वाटी बसवायची, खटका दाबायचा, खटक्यात पिन घालायची, खाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या, शेवटी दिवे पाहायचे. ते एकेक नाव घेत, “पक्का?” असे विचारत, आणि मी “पक्का” म्हणे. स्वतः उतरून ते कधीच पाहत नसत. मी त्याचे नवल केले, तेव्हा म्हणाले, “माझ्यामागं दुसरा तपासतोय हे कळलं, की पहिला माणूस डोळे मिटून काम करतो. फौजेत शिकलो.” त्यांचा हा विश्वास मला तेव्हा अंगावर टाकलेल्या शालीसारखा वाटे.

नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी, मी मागे उभा असताना कार्यालयातून फोन आला. वरिष्ठ एका फायलीबद्दल विचारत होते. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून मी खटका दाबला. साहेबांनी पिन विचारली, साखळ्या विचारल्या. दोन्हींना मी पक्का म्हणालो आणि फोनवर बोलत राहिलो.

मोरनीच्या चढावर, एका वळणाच्या पुढे, गाडी एकाएकी हलकी झाली. आरशात न पाहता साहेब म्हणाले, “गेली.” मी वळून पाहिले. खोली उतारावरून मागे निघाली होती. रस्ता रिकामा होता. सरळ टप्पा तिने सरळ पार केला, वळण एखाद्याने चालवावे तसे घेतले आणि मग खाली चीड-पाइनच्या झाडांमध्ये उतरली. कितीतरी वेळ आपटल्याचा आवाज आला नाही. कठड्यापाशी उभा असताना माझा हात कोटाच्या खिशात गेला. पिन तिथे होती.

“खटका जुना झाला होता,” साहेब म्हणाले. “माझीच चूक.” मी हात खिशातून बाहेर काढला नाही.

त्यानंतरही ते रविवारी निघत, आणि मी प्रायश्चित्त म्हणून शेजारी बसे. वेग तोच, चाळीसचा. वळणावर ते लांबून वळत, मागचे काही पूर्ण वळेपर्यंत थांबल्यासारखे करत आणि मगच गाडी सरळ करत. काही महिन्यांनी चढावर मला माझ्या पाठीत ओढ जाणवू लागली, मागे वजन असल्यासारखी. हे मी त्यांना सांगितले नाही. सांगण्यासारखे त्याआधीचेच खूप साठले होते.

नाशिकच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन सगळे सांगितले. फोन, पिन, साखळ्या. माझा आवाज मला परक्याचा वाटत होता. साहेब अंगणाकडे पाहत होते.

“साखळी रस्त्याला घासत होती,” ते म्हणाले. “सेक्टराच्या बाहेर पडायच्या आत ऐकली मी.”

“मग थांबला का नाहीत?”

“किती वर्षं निजवून ठेवायची तिला?”

हे खरे होते, की माझ्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतले, हे मला आजही सांगता येत नाही. मला हलके वाटले, आणि त्या हलकेपणाची लाज वाटली. मी उठलो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. त्यांची बोटे बर्फासारखी गार होती.

“एकच सांगा, पाव्हणं. माझे कान तेव्हा धड नव्हते. खोली जाताना आतनं हाक आली का?”

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, मनगट सोडले आणि मला फाटकापर्यंत पोहोचवले.

गेल्या हिवाळ्यात ते वारल्याची बातमी आली. तेव्हापासून मी त्या ‘नाही’चा विचार करतो आहे. ती हाक आली असूनही आपण वळलो नाही, हे त्यांना सोसले नसते, म्हणून मी नाही म्हणालो, असे मी स्वतःला सांगत आलो. पण कदाचित ती एकदा ऐकू यावी म्हणूनच ते दर रविवारी तो चढ चढत होते, आणि मी ती त्यांच्यापासून दडवली. आता सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. हाक आली होती. बाईचा आवाज होता, झोपेतून नुकताच उठलेला, घाबरलेला नव्हे. त्या डोंगरात मराठी बोलणारे आम्हा दोघांखेरीज कुणीही नव्हते, आणि तो आवाज एवढेच म्हणाला, “अहो.”