सदतीस वेळा 'फोटो'

अमरावतीला बी-बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खालून फवारणीच्या औषधाचा वास जिन्याने वर येई आणि लोडशेडिंगमध्ये पंखा बंद पडला की खोलीतच मुक्काम ठोके. माझं काम लोकांच्या वेबसाइटी तपासायचं. कुठली लिंक तुटली, कोडमध्ये कुठे चूक आहे, ज्यांना दिसत नाही त्यांना पान नीट ऐकता येतं का. दिवसभर 'पान सापडले नाही' वाचून डोळे चुरचुरत. तू काय काम करतेस असं कोणी विचारलं तर मी म्हणे, दुसऱ्यांच्या चुका मोजते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. घरातला कर्ता माणूस गेलेल्या शेतकरी घरांतल्या मुलींसाठी अकोल्यात एक वसतिगृह निघालं आणि त्याची वेबसाइट तपासायला आमच्याकडे आली. तपासणीच्या प्रोग्रॅमने सदतीस लाल खुणा दाखवल्या. सदतीस चित्रांना वर्णन नव्हतं. प्रत्येक चित्रामागे एक चौकट असते. चित्रात काय आहे ते तिथे लिहिलं की अंध माणसाचा कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. साहेब म्हणाले, "मले संध्याकाळपर्यंत सारं हिरवं पायजे."

त्या प्रोग्रॅमला फक्त चौकट रिकामी आहे की भरलेली एवढंच कळायचं. हे लक्षात आलं आणि मी सदतीस ठिकाणी 'फोटो' लिहून टाकलं. पुढे जी चित्रं चढतील त्यांनाही आपोआप तोच शब्द लागेल, अशी सोयही करून ठेवली. अर्ध्या तासात सगळं हिरवं. साहेबांनी चहा मागवला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, ते आता कशाला लपवू?

दीड महिन्याने ऑफिसच्या फोनवर एका मुलीचा फोन आला. अडचणींसाठी म्हणून वेबसाइटच्या तळाशी आमचाच नंबर होता. मुलगी अंजनगाव सुर्जीची, बारावी झालेली, जन्मापासून दिसत नसलेली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आई मजुरीला. वसतिगृहात जागा मिळाली तरच अकोल्याचं कॉलेज, नाहीतर घरी बसायचं.

"ताई, निवडीची यादी कदी लागन? मी रोज गावातल्या कॉम्प्युटर सेंटरवर येऊन ऐकून रायली. तिथं नुसतं 'फोटो' म्हनते."

यादी लागून बारा दिवस झाले होते. सही-शिक्का दिसल्याशिवाय आपल्याकडे कागदाला किंमत नाही, म्हणून वसतिगृहाच्या बाबूंनी यादी टाइप न करता तिचा शिक्क्यासकट फोटोच चढवला होता.

"अगं, सेंटरवर कोणाले विचारलं नाही का?"

"फोटो हाय म्हनल्यावर काय इचारू? मले वाटलं, कार्यक्रमाचा असन."

मी तिचं नाव विचारलं. यादीत एकोणिसाव्या नंबरावर होतं. यादीखाली लिहिलं होतं, आठ दिवसांत हजर व्हावे. तिला फोन धरायला सांगून मी मोबाइलवरून वसतिगृहाला विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "ते जागा तर दुसऱ्या पोरीले देली. चार दिवस झाले, राहून रायली थे इथं. आता तिले बाहेर काढू काय?"

तिला बाहेर काढा, असं त्यांना कोण सांगणार होतं? मी पुन्हा फोन हातात घेतला आणि मुलीला सगळं सांगितलं. तुझी निवड झाली होती, जागा गेली, आणि तो 'फोटो' शब्द मी लिहिला होता, कामातून लवकर सुटायला. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती. ती रडेल, शिव्या देईल, निदान फोन तरी आपटेल, असं वाटलं.

ती म्हणाली, "पयल्या पानावरबी फोटो म्हनते. त्यात काय हाय?"

मी पान उघडलं. शंभरदा उघडलं असेल, पाहिलं मात्र तेव्हाच. निळं फाटक, आत कडुनिंब, पायऱ्यांवर एकीमागे एक बसून वेण्या घालणाऱ्या चार मुली. मागे दुमजली इमारत. मी तसं सांगितलं.

"खिडक्या किती हायेत?"

मी मोजल्या. वर सहा, खाली चार.

"बरं," ती म्हणाली. "आता पुढचा सांगा."