आमच्या लॉन्सवर गवत आलं

मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडं लग्नाचे किस्से असणार असं लोकांना वाटतं. रुसलेले जावई, हरवलेले बूट वगैरे. तेही आहेत माझ्याकडं, पण ते आता मागं पडलेत. चारजण चहाला जमले की फर्माईश होते ती गवताची. एक सांगितला की दुसरा आठवतो आणि चहा गार होतो.

तर आमचं कार्यालय धाड रोडवर. मालक मिलिंदभाऊ. पाटीवर हातभर अक्षरात 'लॉन्स' लिहिलेलं आणि आत गवताची एक काडी नाही! आमच्या भागात तसंच चालतं, कुणी विचारत नाही. पण भाऊंच्या एकुलत्या एक प्राजूचं लग्न ठरलं आणि पुण्याचे व्याही जागा पाहायला आले. सगळीकडं फिरले आणि सरळ म्हणाले, "छान आहे हो. पण लॉन कुठाय?"

भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅनेजर, गवत आना. आता इज्जतचा सवाल हाय!"

*

गवत ट्रकमधून आलं, मातीसकट गुंडाळ्या केलेलं. आमचे माळी रशीदचाचा. त्यांनी जमीन आधीच सपाट करून ठेवली होती. अंथरायला मी आमचीच मंडपवाली टोळी बोलावली, सुलतानपूरची. या माणसांनी जन्मभर सतरंज्या अंथरलेल्या. अख्ख्या मैदानात एक सुरकुती नाही! चाचा खूश होऊन धामणगाव बढ्याला लेकीकडं गेले आणि मी सामान आणायला अकोल्याला.

दोन दिवसांनी येऊन पाहतो तर मैदान काळंभोर. सगळं गवत परत गुंडाळून गोडाऊनमध्ये, थप्पी लावून, वरून ताडपत्री!

"काऊन बे उचललं?" मी ओरडलो.

टोळीचा मुकादम शांतपणे म्हणाला, "मंग बाहीर ठेवता काय साहेब? अंथरलं का काम झाल्यावर गोळा करून ठेवाची आमची पद्धतच हाय."

गोडाऊनच्या उकाड्यात सगळा माल पिवळा पडला. दुसरा मागवण्यात आठवडा गेला. लग्नाची तारीख काही हलणार नव्हती. चाचांनी बोटं मोजली. "पाय ठेवाजोगं व्हाले एकवीस दिवस पाह्यजे. आपल्यापाशी अठराच हायेत."

*

दुसऱ्या खेपेला चाचा तिथून हलले नाहीत. सकाळ-संध्याकाळ ते आणि प्राजू मिळून पाणी द्यायचे. पोरीच्या हाताला मेंदीच्या आधी पाइपचा घट्टा पडला.

पण आमच्या लोकांना पेरल्यावर चौथ्या दिवशी माती उकरून कोंब पाहायची सवय. जो येईल तो फाटकाजवळचा कोपरा उचलायचा. "धरलं काय हो?" सरपंचांनी उचलला, पोस्टमननं उचलला, पत्रिका न्यायला आलेल्या मावशींनीही उचलला. तो कोपरा काही केल्या धरेना! शेवटी चाचांनी फाटकाबाहेर गवताचा वेगळा तुकडा ठेवला आणि पाटी लावली, 'उचलून पाहायचं ते इथं पाहा.' लोक शिस्तीत उचलून पाहू लागले. एकदा मी गेलो तर तिथं खुद्द भाऊ वाकलेले होते.

*

शेजारच्या शेतातले ज्ञानदेवआबा रोज बांधावर उभे राहून हे सगळं पाहायचे. एक दिवस राहवलं नाही.

"चाचा, याचा उतारा किती येते?"

"काहीच नाही."

"मंग करता काय याचं?"

"पानी द्याचं, खत द्याचं, वाढलं का कापाचं अन् फेकाचं."

आबांनी वळून आपल्या तोट्यातल्या सोयाबीनकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "लोकं बिनकामाचं मलेच येड्यात काढत होते. तुमी तं आमच्या सोयाबीनवाल्यायच्याही पुढं गेले राजेहो!"

*

आणि मग लग्नाचा दिवस. गवत असं हिरवंगार की फोटोग्राफर आधी त्याचेच फोटो काढत होता. आणि लॉनच्या कडेला पाइप घेऊन चाचा आडवे उभे, कुणाला पाय ठेवू देईनात.

"चाचा, आजच्यासाठीच तं लावलं!" भाऊ काकुळतीला आले.

"मालूम हाय भाऊ. पन तीन दिवस कमी पडले. एवढी मानसं चढली तं मरते ते."

भाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली प्राजू पुढं आली. "बाबा, मीनं पानी घातलं त्याले. लग्न पार्किंगमंधी लावू."

टोळीनं दहा मिनिटांत सतरंज्या अंथरल्या. व्याही आले, हिरवंगार लॉन पाहिलं, शेजारी धुळीत मांडलेला मंडप पाहिला. "मग हे कशासाठी लावलं?"

"तुमाले दाखवाले!" भाऊ म्हणाले. "तुमीच विचारलं होतं ना, लॉन कुठाय?"

मला वाटलं, बिनसलं आता. पण व्याही असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग बूट काढून सतरंजीवर मांडी घालून बसले. त्रिशरण झालं, मंगल गाथा झाल्या, पाकळ्या उधळल्या, पंगती उठल्या.

दिवस कलताना प्राजू निघाली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि इतका वेळ हसत फिरणारे भाऊ आपल्याच तंद्रीत चालत सुटले ते थेट लॉनच्या मधोमध. तिथंच खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. आमचेही डोळे भरून आले होते. पण त्या गवतावर पाय ठेवून त्यांना उठवायची कुणाची हिंमत होईना.

शेवटी चाचा बूट काढून हळूहळू गेले. वाटलं, आता ओरडतात. त्यांचीही दाढी ओली झालेली. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"रडा भाऊ, पोटभर रडा. पन जरा जागा बदलत राहा. एकाच जागी पानी मुरलं तं मुळ्या सडतात!"