कूलरची ताटी अन् गाडीचा एसी

रामराम मंडळी! मी सांगून राहिली अन् नात टाइप करून राहिली. चुका तिच्या, शहाणपण माझं.

आज अकोल्याहून नातसुनेले अन् सव्वा महिन्याच्या पणतीले अमरावतीले घरी आणायचं होतं. जाताना आमच्या जुन्या गाडीत एसी लावूनही घाम काही थांबेना. पोरगा म्हणे, "माय, गॅस संपला. या उन्हात लेकरू नाई न्यायचं."

अकोल्यात गाडीच्या मिस्त्रीकडं गेलो. मी एसीच्या जाळीसमोर हात धरला. "अरे, हवा तं थंड हाय, पण येऊनच नाई राहिली. कूलरची वाळ्याची ताटी धुळीनं भरली की असंच होते. याची ताटी कुठी हाय?"

मिस्त्री हसला. "बराबर बोलल्या, आजी." त्यानं समोरच्या खणामागून फिल्टर काढला. कडुनिंबाच्या फुलोऱ्यानं अन् धुळीनं गच्च!

पोरानं माझ्याकडं पाह्यलं. गाडी निंबाखालीच लावायची, हा घरात माझाच हुकूम.

मिस्त्रीनं नवा फिल्टर बसवला. गॅस भरतो म्हणाला असता तं आमाले काय समजणार होतं? पण म्हणे, "गॅस चांगला हाय, त्याले हात नाई लावत." देव त्याचं भलं करो. पणती अमरावतीपर्यंत झोपूनच आली.

हुकूम मात्र कायम हाय. सावली कोण सोडते? तुमी सांगा, तुमच्या गाडीची ताटी शेवटची कधी पाह्यली?