यशोधराच्या निवडणुकीचा खर्च

पाटोद्याजवळच्या वस्तीवरली यशोधरा ऊसतोडीला जायची. मुकादमाशी नजर भिडवून बोलणारी बाई म्हणून टोळ्यांमध्ये तिचं नाव होतं. एका साली कर्नाटकातल्या फडात तिच्या टोळीतली अंजना बाळंतपणात गेली. दवाखान्यात न्यायला वेळेवर गाडी मिळाली नाही. गावी परतल्यावर यशोधरा पुढाऱ्यांच्या दारी फिरत राहिली. फडावर बायांसाठी एक गाडी असावी, एवढंच मागणं. प्रत्येकानं चहा पाजला आणि वाटेला लावलं. विधानसभा लागली तेव्हा तिनं सरळ अपक्ष अर्ज भरला. अनामत टोळीतल्या बायांनी गोळा केली.

नवरा शहादेव म्हणाला, "लोक हसतील की."

"हसू दे. अंजनाचं नाव तरी चार लोकांत निघंल."

शेजारच्या हनुमाननं आपला टेम्पो दिला. त्यावर भोंगा बांधून ती गावोगाव फिरली. खर्चाच्या तपासणीला तिला बोलावलं, तेव्हा तिथल्या साहेबानं विचारलं, "टेम्पोचं भाडं कुठंय?"

"फुकट दिलाय त्यानं."

"फुकट असला तरी ठरलेल्या दरानं धरावा लागतो. नियम आहे."

तिला ते पटलं. नियम सगळ्यांनाच असेल, अशी तिची समजूत होती. तिनं भाडं मांडून दिलं.

त्याच आठवड्यात अर्जुनरावांच्या मेहुण्यानं मळ्यात जावळाचा कार्यक्रम ठेवला. अर्जुनराव म्हणजे तालुक्यातले मोठे बागायतदार, निवडणुकीतले तगडे उमेदवार. गावंच्या गावं मटणाला लोटली. अर्जुनराव माईक घेऊन तासभर बोलले. यशोधरानं लेखी तक्रार दिली. तपासणी पथक येऊन शूटिंग करून गेलं. पुढं उत्तर आलं: कार्यक्रम कौटुंबिक, उमेदवार पाहुणे म्हणून हजर, सबब खर्च लागू नाही.

ती त्या साहेबाकडं गेली. "त्या लेकराचं जावळ मागल्या सालीच झालंय, साहेब. आमीच त्या मळ्यात खुरपायला होतो."

"तसा पुरावा आहे का?"

जावळाचा पुरावा कुठून आणायचा? ती उठली.

अर्जुनराव निवडून आले. कागदावर त्यांचा खर्च मर्यादेच्या बराच आत भरला. यशोधराची अनामत गेली. मुकादमाचा ट्रक तिच्यासाठीच थांबला होता, दुसऱ्या दिवशी ती फडावर गेली. निकालानंतर महिन्याच्या आत शेवटचा हिशोब द्यायचा असतो, हे तिला कुणीतरी सांगितलंही होतं. पण तपासणीत दाखवला तोच हिशोब, असं तिला वाटलं. हिशोब का दिला नाही, अशी नोटीस आली ती कुलूप लावलेल्या घरावर. शिपायानं ती दाराला चिकटवली. उन्हाळ्यात ती परतली तेव्हा दारावर खळीचे डाग तेवढे होते.

पुढं आदेश आला. तीन वर्षं तिला निवडणूक लढवता येणार नव्हती.

ती कचेरीत गेली. "मी ऊस तोडत होते, साहेब. मला कावून कळवलं न्हाई?"

नवीन साहेब होते. सभ्य होते. म्हणाले, "तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच पाठवली होती. तेव्हा कारण कळवलं असतं, तर विचार झाला असता."

पंचायत समितीची निवडणूक आली आणि तिचा गण अनुसूचित जातीच्या बाईसाठी सुटला. या खेपेला टोळ्यांमधले गडीसुद्धा म्हणत होते, यशोधरालाच धाडू. तो आदेश विधानसभेपुरताच असेल, असं समजून तिनं धीर करून अर्ज भरला. छाननीत अर्जुनरावांच्या माणसानं तो आदेश पुढं केला. अर्ज बाद झाला. अर्जुनरावांच्या मळ्यावरच्या सालगड्याची बायको, मनिषा, बिनविरोध आली. मनिषा वाईट नव्हती. तिला सही कुठं करायची तेवढं सांगितलं होतं.

मिरवणूक वस्तीवरून गेली. यशोधरा दारात उभी होती. अर्जुनराव गाडीतून उतरून मुद्दाम तिच्यापाशी आले.

"यशोधराताई, वाईट वाटलं बघा. हिशोब वेळेत द्यायचा असतो. पुढच्या खेपेला आमच्या सीएकडं या. पैसे घेणार न्हाई तो तुमच्याकडून."

ते मनापासून बोलत होते, हे तिला दिसलं. गुलालाची मूठ कुणीतरी तिच्याही अंगावर टाकली.

घरात आल्यावर शहादेवनं विचारलं, "काय म्हणले?"

"मदत करतो म्हणले," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला मोरीकडं गेली.