दर्याकडं खेचणारी गाडी

आगरदांड्याच्या जेट्टीजवळ गाड्या दुरुस्त करणारा तो माणूस इतका सावकाश बोलतो, की त्याच्या दोन शब्दांच्या मधे फेरीबोटीने दिघीला जावं, चहा प्यावा आणि परत यावं. गाडीला मात्र जपतो. "दम धर गो बाय," म्हणत सपाट अंगणातही आधी चाकांना दगड लावतो, मगच पाना उचलतो.

माझी जुनी छोटी गाडी मुरूडला जाताना डावीकडे ओढायची. लेक ती घेऊन बोटीने दिघीला जाणार होती, म्हणून त्याला दाखवली. त्याने टायरची हवा पाहिली, अलाइनमेंट केली आणि मुरूडपर्यंत चक्कर मारून आला. उतरला तेव्हा त्याच्या घामाने निम्मं अंगण भिजलं.

"जाताना डावीकडं खेचते," तो म्हणाला, "येताना उजवीकडं."

"म्हणजे?"

"दोन्ही टायमाला दर्या तिकडंच हाय, दादा. पोरीला हिच्यात बसवून बोटीवर धाडू नका."

मी हसलो. त्याने गाडी डोंगराकडे तोंड करून लावली, दगड लावले आणि स्टीअरिंगचं चाक उपसून माझ्या हातात दिलं. लेक बोटीवर पायीच चढली.

ते चाक माझ्या घरी खुंटीला आहे, गाडी त्याच्या अंगणात. पण दर खेपेला तिचं तोंड जेट्टीकडे थोडं जास्तच वळलेलं दिसतं.

"फिरवलीस का रे हिला?" काल मी विचारलं.

दगड पुन्हा चाकाखाली सारत तो म्हणाला, "मला वाटलं तुमीच फिरवता."

आणि हे तो पहिल्यांदाच एका दमात बोलला.