शेवटची दोन बोटं

माझ्या भावाचा उजवा हात ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक पुढचं ऐकायच्या आतच हळहळायला लागतात. त्या हातानं तो बटाटे सोलतो, माझ्या सुईत दोरा ओवून देतो, बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडतो. अक्षर तर माझ्यापेक्षा कितीतरी वळणदार. फक्त तो हात पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला की शेवटची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, आपोआप तळव्यात मिटतात. हात उचलला की उघडतात. ठेवला की पुन्हा मिटतात. याला तेरा वर्षं होऊन गेली.

दादा तेव्हा एकतीस वर्षांचा होता. आमची बाहेरची खोली म्हणजे खिडकीशी माझं शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीला त्याचा पियानो. मी लोकांचे कपडे उसवते आणि मापात बसवून देते, गेली वीस वर्षं माझा हाच धंदा. तो सकाळी सातला बसायचा, तो दुपारी जेवायला मी ओरडेपर्यंत. एका मोठ्या स्पर्धेची तयारी चालली होती. एका सकाळी एका जागी तो अडखळला. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळला. मला वाटलं, झोप झाली नसेल. मग तो ती एकच जागा दिवसातून शंभरदा वाजवायला लागला, आणि जितकी वाजवावी तितकी बोटं जास्तच मिटायला लागली. मी मशीन थांबवून म्हटलं, अरे, आता पुरे कर. तो म्हणाला, सुटतील.

सुटली नाहीत. तीन डॉक्टर झाले. पहिल्यानं हाताचा फोटो काढून काही नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं छोट्या हातोडीनं कोपर ठोकून झोपेच्या गोळ्या दिल्या. तिसरा बरा माणूस होता. तो म्हणाला, हात चांगलाच आहे, डोक्यात या हाताची जी घडी बसलेली असते ती विस्कटली आहे. अति सराव करणाऱ्यांना होतं असं, आणि फारसा कुणी बरा होत नाही. वडील तेव्हा होते. त्यांचा यातल्या एका शब्दावरही विश्वास बसला नाही. शेजाऱ्यांसमोर ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. दादा आत बसून ऐकत होता. स्पर्धेला तो गेला नाही, आणि वडिलांशी पुढे कामापुरतंच बोलला.

चार वर्षं त्यानं नुसत्या डाव्या हातानं वाजवायचा सराव केला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण खोली एकच असल्यामुळे सगळं बघावं लागलं. तो बाकावर थोडा उजवीकडे सरकून बसायचा. करंगळीनं खालचा जड सूर मारायचा, पायानं पेडल दाबून तो धरून ठेवायचा आणि तेवढ्यात तोच हात वर पळवून अंगठ्यानं गाणं वाजवायचा. डोळे मिटले तर दोन हात वाजताहेत असं वाटे. उघडले की उजवा हात मांडीवर पडलेला दिसे. मी शक्यतो मशीनकडेच बघायची.

मग एका शाळेत संगीताच्या मास्तरांची जागा निघाली. हाताचं सांगावं की नाही, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, काही सांगू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलून गेल्यावर लक्षात आलं आपण काय बोललो, आणि दोघंही खूप हसलो. पण सल्ला माझाच होता, हे मी आज कबूल करते. शाळेच्या सभागृहातला पियानो उभा होता आणि त्याची पाठ लोकांकडे होती. समोरून फक्त दादाचा भांग दिसायचा. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलाखतीत त्याला दोन गाणी वाजवायला लावली, खूश झाल्या आणि सोमवारपासून या म्हणाल्या.

नऊ वर्षं निभावलं त्यानं. मुलांना शिकवताना म्हणायचा, उजवा हात तुझा, डावा माझा. मूल पुस्तकात बघून उजवीकडचं वाजवायचं, दादा शेजारी बसून डावीकडचं. चुकलं तर तोंडानं गाऊन सांगायचा. आईबापांना त्याचं कोण कौतुक! आमच्या बंड्याबरोबर सर स्वतः बसून वाजवतात, म्हणायचे. चोराच्या मनात चांदणं असतं तसं दादाला मात्र रोज वाटायचं की आज कळणार. घरी आला की आधी बाकावर पाय पसरून पडायचा, आणि मी विचारायच्या आधीच म्हणायचा, नाही कळलं कुणाला.

त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी दहा वर्षांची होती. अंगानं एवढीशी, म्हणून दादा तिला चिमणी म्हणायचा. तिची आई माझ्याकडे गणवेशाची लांबी वाढवायला यायची, त्यामुळे पोरीला मीही ओळखत होते. आली की उभ्या उभ्या माझ्या मशीनच्या फळीवर बोटं वाजवायची. दादा घरी फारसं कुणाबद्दल बोलत नसे, पण तिच्याबद्दल बोलायचा. एकदा म्हणाला, माझं जे राहिलं ते हिच्या हातून होईल. मी म्हटलं, परक्याच्या पोरीवर आपलं ओझं नको टाकूस. त्याच्या तोंडावरचा आनंद मात्र काही लपेना.

गेल्या वर्षी शाळेनं मुलांना बाहेरच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. चिमणीसाठी दादानं अवघड रचना निवडली. त्यात उजव्या हाताची एक जागा होती, ती नुसती गाऊन सांगण्यासारखी नव्हती. परीक्षेला चार महिने होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दादानं शर्टाची बटणं दोनदा चुकीच्या काजात लावली. म्हणून मी सोबत गेले. सभागृहाबाहेरच्या बाकावर मी आणि चिमणीची आई शेजारी शेजारी बसलो. उकाडा होता, पियानोच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. परीक्षक एक वयस्क बाई होत्या, मऊ आवाजाच्या. त्या पियानोच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी. पाच-सहा मुलं झाली. मग चिमणी बसली.

छान वाजवत होती ती, मलासुद्धा कळत होतं. पण मधेच परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढे वाकून तिच्या हाताकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात मिटलेली होती. उरलेल्या तीन बोटांनी ती पोर धडपड करत, उड्या मारत, सगळं वाजवत होती.

संपल्यावर बाईंनी विचारलं, "बाळ, हात असा धरायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," चिमणी म्हणाली. "सर असाच धरतात."

बाई दादाकडे वळल्या आणि तीच रचना जरा वाजवून दाखवता का, असं अगदी नम्रपणे विचारलं. दादा बसला. मला वाटलं, काहीतरी कारण सांगेल. पण त्यानं उजवा हात मांडीवर ठेवला आणि ती सगळी रचना डाव्या हातानं वाजवली. त्याला इतकं चांगलं वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापिका पहिल्यांदाच बाजूनं बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"किती वर्षं झाली?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"तेरा," दादा म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

दादा चिमणीला घेऊन बाहेर आला. तिच्या आईसमोरच तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बेटा, बोटं मिटायची ती पद्धत नाहीये. तो माझा आजार आहे. मी तुला सांगायला हवं होतं."

चिमणीनं आपला हात वर धरून बघितला. पाचही बोटं सरळ होती. मग तिनं तो बाकाच्या कडेवर ठेवून वाजवल्यासारखं केलं. दोन बोटं मिटली. तिनं डाव्या हातानं ती उघडली, पुन्हा वाजवून बघितलं. पुन्हा मिटली.

"मग सर," ती म्हणाली, "मला पण झालाय का?"

दादा नाही म्हणाला. दोनदा म्हणाला. तिच्या आईनं तिचा हात धरला आणि तिला घेऊन गेली.

घरी आलो. मी चहा ठेवला. मला वाटत होतं, याला बिचाऱ्याला काय ठाऊक, पोरीनं बघून बघून उचललं. तसं मी बोललेही. म्हटलं, मीसुद्धा आत्याचं बघून सुई उलटी धरते, काही बिघडलं का माझं? पोरं बघतात तसं करतात, तुझा काय दोष.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. ती अवघड जागा चिमणीला जमेना. सर, एकदा दाखवा ना, असं ती रोज म्हणायची. शेवटी एकदा त्यानं दार लावून घेतलं आणि उजव्या हातानं तेवढी जागा वाजवून दाखवली, तीन बोटांनी, जशी जमेल तशी. तिसऱ्या आठवड्यात त्याला तिची बोटं मिटलेली दिसली. तो म्हणाला, बोटं उघड. ती म्हणाली, तुम्ही पण मिटता ना, सर?

"मग तू काय म्हणालास?"

"चालेल म्हणालो."

मी कप खाली ठेवला. तो म्हणाला, तेव्हा एक वाक्य सांगायचं होतं फक्त. सांगितलं असतं तर ती कुणाजवळ तरी बोलली असती. वाटलं, परीक्षा होऊ दे, मग सावकाश सुटी करीन तिची बोटं. मग रोज तिला शेजारी घेऊन बसलो, रोज बघत होतो आणि रोज उद्यावर ढकलत होतो. मला दिवसातून शंभरदा वाजवून जे झालं, ते मी तिला समोर बसवून करायला लावलं. हे ऐकून मला फार राग आला त्याचा. नऊ वर्षांपूर्वी त्याला गप्प राहायला कुणी सांगितलं होतं ते आठवलं, तेव्हा तो राग कुणावर काढावा ते कळेना.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी ग्रंथालय सांभाळा म्हणून निरोप पाठवला. दादानं राजीनामा दिला, उजव्या हातानं, वळणदार अक्षरात. तेव्हापासून तो घरीच आहे. मला काज-बटणं करून देतो, कापड कापायला मदत करतो. डाव्या हातानंही वाजवत नाही. मी एकदा म्हटलं, अरे, तो हात तर तुझ्या कष्टाचा आहे, त्याचं काय चुकलं? तो म्हणाला, तो हात होता म्हणूनच तर लपवता आलं. आता मी कापलेले तुकडे पियानोवर ठेवते. आधी मुद्दाम ठेवले, तो ओरडेल म्हणून. ओरडला नाही.

चिमणीची आई माझ्याकडे यायची बंद झाली. चार महिन्यांनी ती मला बस थांब्यावर भेटली. मी मान खाली घालून उभी होते, तीच जवळ आली. नव्या बाई लावल्या होत्या, दोन महिने पट्ट्यांवर हात ठेवला की बोटं धरून बसायच्या, म्हणाली. मग त्यांनीच सांगितलं, वर्षभर पियानोला हात लावू देऊ नका, नंतर बघू. चिमणीनं पुस्तकं कपाटात टाकली आणि नंतरही नको म्हणते. "तुमच्या भावाला सांगा," तिची आई म्हणाली, "पोरीनं पियानो सोडला." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी आले. दादा खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होता. मी पिशवी ठेवली आणि सांगितलं की चिमणीची आई भेटली होती. त्याची सुई थांबली.

"काय म्हणाली?"

"सुटली म्हणे बोटं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यानं शर्ट बाजूला ठेवला. तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडेल. पण त्यानं विचारलं, "सध्या काय वाजवते?"

खोटं बोलावं तर रेटून, पण मला काही नावं ठाऊक आहेत का? मला ठाऊक आहेत ती सगळी याचीच गाणी, एका हाताची. विचारायचं राहिलं, म्हटलं. तो हसला. खूप महिन्यांनी हसला. म्हणाला, पुढच्या वेळी भेटली की नाव विचारून ठेव, म्हणजे कुठवर आली ते मला कळेल.

दुसऱ्या दिवशी मी वाद्यांच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, दहा-अकरा वर्षांची हुशार मुलगी आहे, दोन्ही हातांनी वाजवते, तिला साधारण काय येत असेल? त्यानं दोन नावं लिहून दिली आणि विचारलं, मुलगी तुमची का? मी हो म्हटलं. चिठ्ठी माझ्या पिशवीत आहे. एक नाव या महिन्यात सांगीन. दुसरं दिवाळखोरानं शेवटचा रुपया राखावा तसं राखून ठेवलं आहे, कारण ते सांगून झालं की तो पुढचं विचारणार.