चौथी दिशा

"आतलं नका सांगू, फक्त बेरजा सांगा," असं म्हणत ते कँटीनच्या टेबलावर चहात बुडवलेल्या बोटाने चौकट काढत. नऊ घरांची. आपण कागदावर नऊ आकडे लपवून लिहायचे आणि त्यांना बेरजा सांगायच्या: आडव्या तीन, उभ्या तीन, मग दोन्ही बाजूंच्या तिरप्या तीन-तीन. तिरपी रेष कडेला संपली की पलीकडच्या कडेने आत घ्यायची. बारा बेरजा झाल्या की हे गृहस्थ डोळे मिटत आणि नऊच्या नऊ आकडे सांगून मोकळे होत.

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवत, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नव्याने अर्ज करायचा आणि बोलावणं येतं का याची वाट पाहायची. कामठीहून शेअर ऑटोत कोंबून येत, त्यामुळे शर्टाची एक बाही कायम चुरगळलेली. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याचं काम सगळ्यांना ठाऊक असतं, त्याची खुर्ची कुठे ते कुणालाच नाही.

हा खेळ म्हणजे त्यांच्या संशोधनाची बाराखडी. एखादं फंक्शन दिसत नाही, निरनिराळ्या रेषांवरचे त्याचे इंटिग्रल, म्हणजे एकूण बेरजा, तेवढे हाती आहेत; त्यावरून ते परत मिळवायचं. रेषा सरकवल्या तरी मांडणी तीच राहते; त्या सममितीच्या, म्हणजे गणितातल्या 'गटा'च्या, आधाराने बेरजा सुट्या सुरांत फोडायच्या, एकेक सूर उलटा सोडवायचा आणि सगळे पुन्हा जुळवायचे. मला समजावताना म्हणत, "पेटीवर चार सूर एकदम वाजले तरी कानाले एकेक ओळखता येते ना सर? तसंच." त्यापुढचं मला झेपलं नाही. मी त्याच विभागात कायम नोकरीतला प्राध्यापक, मला गरजही नव्हती.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसत. एकदा घाईतल्या एका मुलीने एका बाजूच्या तिरप्या बेरजा दिल्याच नाहीत. "अंदाजानं सांगा ना सर!"

"नाही जमत वं पोरी. एक दिशा सुटली का वेगवेगळे आकडे त्याच बेरजा देऊन राहतात. मग कोणते खरे सांगू?"

चहा थंड झाला, पण त्यांनी अंदाज केला नाही.

चौदाव्या वर्षी कायम जागा निघाली. मुलाखतीच्या समितीत विभागप्रमुखांच्या शेजारी मीही होतो. जागा कुणाला द्यायची ते आधीच ठरलं होतं. यांनी आपलं संशोधन सांगायला फळ्यावर चौकट काढली. प्रमुखांनी आडव्या, उभ्या आणि एका बाजूच्या तिरप्या बेरजा दिल्या आणि घड्याळ पाहिलं. "झालं. सांगा आता."

"सर, दुसरी तिरपी राहिली."

"नऊ बेरजा दिल्या, नऊ आकडे काढायचे. एवढंही येत नाही?"

"नाही येत सर. कोणालेच नाही येणार."

सगळे हसले. यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. नऊ बेरजा दिसायला नऊ, पण प्रत्येक दिशेची एकूण बेरीज तीच, म्हणून त्यातल्या दोन फुकटच्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर प्रमुख तोंडघशी पडले असते. आणि माझी बढती त्यांच्या सहीवर अडली होती. मी फाइलीत डोकं घातलं. प्रमुखांनी शेरा लिहिला, 'मूलभूत गणित कच्चे'. खाली मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात ते खडूचे हात पुसत उभे होते.

"तुमाले तं माहीत होतं ना सर?"

"माझ्या हातात काय असतं हो!" मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर तासाला आले. कँटीनमध्ये चौकट मात्र पुन्हा काढली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेच्या आधी त्यांच्या पत्नीने मला दारातच गाठलं. हातात त्यांच्या टिपणांची पिशवी होती. "भाऊ, यायचं गणित खरंच कच्चं होतं का जी?"

"सभेत बोलतो मी," मी म्हणालो.

प्रमुख बोलले: ते वक्तशीर होते, मनमिळाऊ होते, त्यांनी कधी तक्रार केली नाही. मग माइक माझ्याकडे आला. पिशवी मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली होती, माझ्याकडे पाहत.

मी घसा खाकरला आणि सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली.